दाबाखालील भांडी : त्यांवरील ताण व त्यांची तपासणी

पेण व रोहा तालुक्यांतील घरांत व वाड्यांत आज अशी कित्येक भांडी वापरात आहेत की, ज्यांच्या आतील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून पुष्कळच अधिक असतो. स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर, प्रेशर कुकर, औषध फवारण्याचा हवादाबाचा पंप आणि मुंबई-गोवा महामार्गालगतच्या टायर दुरुस्तीच्या दुकानांतील हवेची टाकी ही त्यांपैकी नेहमीची होत. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील व नागोठण्याच्या कारखान्यातील अवाढव्य भांडीही ह्याच जातीची आहेत. आकार वेगळा असला तरी सर्वांना नियम एकच लागू पडतो.

दाबाखालील पदार्थ बाहेर सुटल्यास काय होते ते ह्या भागाने पाहिले आहे. ५ नोव्हेंबर १९९० रोजी रोहा तालुक्यातील नागोठणे येथील वायू-भंजन संकुलात इथेन व प्रोपेन ह्या वायूंची गळती होऊन स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. तेथे माणसे शिकलेली होती व यंत्रेही आधुनिक होती. मग ज्या फवारणी पंपाकडे वर्षानुवर्षे कोणी वळूनही पाहत नाही, त्याविषयी निश्चिंत राहणे कितपत योग्य आहे?

भांड्यावर ताण कसा पडतो हे समजावयास फार गणित लागत नाही. चौदा किलो दोनशे ग्रॅम गॅसच्या घरगुती सिलिंडरचा व्यास सुमारे ३२ सेंटिमीटर असून पत्र्याची जाडी सुमारे अडीच मिलिमीटर असते. आतील दाब दर चौरस सेंटिमीटरला ७ किलो धरू. आता ह्या सिलिंडरचे एक सेंटिमीटर रुंदीचे कडे कल्पनेने कापून घ्यावे. आतील वायू त्या कड्याचे दोन अर्धभाग एकमेकांपासून दूर लोटू पाहतो. ३२ सेंटिमीटर व्यासावर ७ किलोप्रमाणे हा जोर २२४ किलो होतो. तो पेलण्यास दोन बाजूंचा पत्रा तेवढा असतो; म्हणजे प्रत्येक बाजूस ११२ किलो. पत्रा पाव सेंटिमीटर जाड असल्याने त्यावरील ताण दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४५० किलो पडतो. अशा पोलादाला कायमचा ताण बसू लागतो तो सुमारे २,४०० किलोवर. मधले अंतर हीच आपली सुरक्षितता होय.

ह्या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. व्यास दुप्पट केला तर तेवढ्याच दाबाला ताण दुप्पट होतो, आणि पत्रा निम्मा झिजला तरीही ताण दुप्पट होतो. डिझेलच्या रिकाम्या पिंपाला नळी जोडून हवेची टाकी करण्याची कल्पना काही हौशी कारागिरांना सुचते. पिंपाचा व्यास सुमारे ५७ सेंटिमीटर व पत्रा जेमतेम एक मिलिमीटर. वरच्याच दाबाला त्यावरील ताण २,००० किलोच्या घरात जातो. त्यापूर्वीच त्याचा सपाट तळ फुगून सांध्यात तुटेल, ही गोष्ट निराळी. सपाट पत्रा दाबाने वाकतो, गोल पत्रा केवळ ताणला जातो. म्हणूनच सिलिंडरचे डोके व बूड घुमटासारखे असतात.

लांबट भांड्याला उभे चिरू पाहणारा ताण आडवे तोडू पाहणाऱ्या ताणाच्या दुप्पट असतो. ह्याचा अनुभव शेतकऱ्यांस आहेच. पाण्याच्या पंपाचा प्लॅस्टिकचा पाइप दाबाने फुटतो तेव्हा तो बहुधा लांबीनेच चिरत जातो. तेव्हा टाकीच्या उभ्या जोडाची जागा अधिक नाजूक समजावी.

मूळ भांडे बनविणारा पत्रा पुरेसा जाड घेतो. तो चोरतो गंज. पेणच्या खारेपाटात हवाच खारट, आणि पावसाळ्यात तर ओल कधी हटत नाही. गंज दिसतो तेथेच असतो असे मात्र नाही. सिलिंडरच्या बुडाशी जे कडे असते, त्याच्या आतील बाजूस ओलसर जमिनीची आर्द्रता अडकून राहते. सिलिंडर उचलून आडवा करून पाहिल्याशिवाय ती जागा नजरेस पडत नाही. सिलिंडर फरशीच्या वा लाकडी फळीच्या कोरड्या बैठकीवर उभा ठेवावा.

सिलिंडर घेताना वरच्या पट्टीवर रंगविलेले अक्षर व आकडे वाचावेत. अ, ब, क, ड ह्यांच्या जागी तेथे ए, बी, सी, डी ही इंग्रजी अक्षरे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च ही तिमाही, बी म्हणजे एप्रिल ते जून, ह्याप्रमाणे पुढे, आकडा वर्षाचा. त्या तिमाहीपर्यंत सिलिंडरची पुढील तपासणी व्हावयास हवी. मुदत उलटलेला सिलिंडर घेऊ नये, बदलून मागावा. चाचणीच्या वेळी अशा सिलिंडरमध्ये पाणी भरून दर चौरस सेंटिमीटरला २५ किलोपर्यंत दाब देतात.

फवारणी पंपाची गोष्ट आणखी वेगळी. बोर्डो मिश्रणातील मोरचुदास चुना कमी पडला असेल तर त्यात बुडविलेल्या लोखंडी पात्यावर तांबूस थर चढतो. शेतकरी ही परीक्षा नेहमी करतात. पण पात्यावर तांबे चढते तेव्हा तेवढे लोखंड विरघळून जाते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. हीच क्रिया लोखंडी टाकीच्या आत चालते. म्हणून मोरचूद प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात विरघळवावा, आणि फवारणी आटोपताच पंप दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन, उपडा ठेवून, कोरडा करावा. झाकण उघडण्यापूर्वी आतील हवा सोडून द्यावयाची हे सांगणे नलगे. तरीही घाईत तेच विसरते व औषध थेट डोळ्यांत उडते.

हवेच्या टाकीत दाबलेल्या हवेतील बाष्पाचे पाणी होऊन तळाशी साचते. तळाची तोटी रोज उघडून ते काढावे लागते. पुष्कळ दुकानांत ही तोटी रंगाने वा गंजाने जाम झालेली असते. अशी शंभर लिटरची टाकी दर चौरस सेंटिमीटरला ८ किलो दाबाला फुटल्यास मोकळी होणारी शक्ती भाताचे एक क्विंटलचे पोते सुमारे शंभर मीटर उंच फेकण्याइतकी असते. तीच टाकी काठोकाठ पाण्याने भरून तेवढाच दाब दिला, तर साठलेली शक्ती हजारो पटींनी कमी असते. कारण पाणी जवळजवळ दबतच नाही. चाचणी नेहमी पाण्याने घेतात, ती ह्यासाठी. हवा भरून 'टिकते की नाही' पाहणे म्हणजे चाचणी नव्हे.

शेतकऱ्याने आपला फवारणी पंप हंगामापूर्वी तपासावा. तो पाण्याने पूर्ण भरून नेहमीच्या कामाच्या दाबापर्यंतच दाब द्यावा व जोडांवर घाम सुटतो काय ते पाहावे. घाम दिसला, पत्रा कोठे फुगला किंवा बोटाने दाबता दबला, तर तो पंप बाद समजावा. झाळून वा ठिगळ लावून तो पुन्हा दाबाखाली आणू नये. कुकरच्या झडपेच्या जागी खिळा वा तार घालणे हा तर सरळ अपघातास दिलेला निमंत्रणाचा नारळ होय. झडप दाब सुटावा म्हणूनच असते.

बाष्पकांची तपासणी मात्र सरकारी निरीक्षकाचे काम आहे. १८६३ मध्ये कलकत्त्यास झालेल्या बाष्पकाच्या स्फोटानंतर पुढील वर्षी बंगालमध्ये ह्याविषयी कायदा झाला; सर्व देशासाठी १९२३ चा कायदा आला व आता त्याची जागा २०२५ च्या कायद्याने घेतली आहे. पंचवीस लिटरांहून कमी मापाची भांडी त्यातून वगळलेली आहेत. फवारणी पंप व कुकर पाहावयास कोणी निरीक्षक येणार नाही. ते काम घरच्यांचे, आणि आठवण देण्याचे काम ग्रामसेवकाचे.

टाकी रिकामी असली म्हणजे धोका गेला असेही मानू नये. १२ सप्टेंबर २०२४ रोजी धाटाव वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात साठवणीच्या टाकीपाशी वेल्डिंग चालू असता स्फोट होऊन तीन कामगार मरण पावले. द्रव काढून घेतला तरी त्याची वाफ टाकीत राहते व ठिणगीने पेट घेते. डिझेलचे वा रसायनाचे जुने पिंप पाण्यासाठी कापून घेण्याचा प्रघात गावोगाव आहे. ते कापण्यापूर्वी धुऊन घ्यावे, काठोकाठ पाण्याने भरावे, आणि छिन्नीने कापता येत असेल तर गॅसच्या ज्योतीला त्याजवळ आणूच नये. ज्या पिंपात कोणते रसायन होते हे ठाऊक नाही, ते कापूही नये व त्यात पाणीही साठवू नये.