पदवीनंतरची दोन वर्षे

मानसशास्त्राची पदवी मिळाली की नातवंड समुपदेशक झाले, असा घरातील ज्येष्ठांचा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु पदवीतून मनाविषयीचे ज्ञान मिळते. दुःखी माणसासमोर बसण्याचा अभ्यास त्यानंतर सुरू होतो. एम. ए.ची दोन वर्षे त्यासाठीच असतात. म्हणून संस्था निवडताना नावलौकिकापेक्षा प्रात्यक्षिक किती आणि त्यावर अनुभवी समुपदेशकाची देखरेख आहे का, हे आधी विचारावे.

प्रवेशपरीक्षेची तयारी पुस्तकांतून होते, ऐकण्याची मात्र माणसांतूनच. कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली समानुभूती, विनाअट स्वीकार आणि प्रांजळपणा यांना उपचाराचा पाया मानले. विरंगुळा केंद्रात किंवा वृद्धाश्रमात आठवड्यातील एक दुपार घालवली, तर सल्ला देण्याची घाई आवरणे किती कठीण असते, हे उमगते.

ज्येष्ठांनीही एक पथ्य पाळावे. घरातील कलह वा स्वतःची निराशा या शिकाऊ हाती सोपवू नये; आप्तांचे समुपदेशन या व्यवसायात वर्ज्य मानतात. मन फारच खचले, तर शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे. नातवंडाला मात्र ही दोन वर्षे निश्चिंतपणे शिकू द्यावे.