लसूण चीनचा, भाव आझादपूरचा

दिल्लीच्या आझादपूर मंडीत लसणाचे सौदे होतात आणि ते भाव बाजार समितीच्या पत्रकात छापून येतात. काही वर्षं हीच पत्रकं वॉशिंग्टनमध्ये अगदी बारकाईनं वाचली जात. चीनमधून अमेरिकेत उतरणाऱ्या लसणावर किती शुल्क लावायचं, हे त्यांच्या आधारे ठरे!

परक्या बाजारात रास्त भावापेक्षा स्वस्तात माल ओतणं म्हणजे डंपिंग. कॅलिफोर्नियातल्या लसूण उत्पादकांनी तशी तक्रार केली आणि नोव्हेंबर 1994 मध्ये चिनी ताज्या लसणावर 376.67 टक्के शुल्क बसलं. शंभर डॉलरच्या मालावर पावणेचारशेहून जास्त.

पण रास्त भाव म्हणजे कुठला? एरवी निर्यातदाराच्या घरचा भाव बघतात. अमेरिकेच्या लेखी मात्र चीनमधले भाव बाजार ठरवत नाही, म्हणून ते बाद. मग तशाच आर्थिक स्थितीतला दुसरा देश शोधून त्याचे भाव उसने घ्यायचे आणि चिनी शेताचा खर्च त्या भावांनी मोजायचा. बरीच वर्षं तो देश भारत होता. शेत चीनच्या शांडोंग प्रांतातलं, पण बियाण्याचा दर आपल्याकडचा. त्यासाठी कांदा-लसणावर काम करणाऱ्या, नाशिकशी नाळ असलेल्या राष्ट्रीय बागवानी संस्थेचे आकडे वापरले गेले. पुढे हिशेब शेतातल्या खर्चाऐवजी थेट गड्डीच्या, म्हणजे आझादपूरच्या, भावावर आला. मोठ्या गड्डीला जास्त भाव मिळतो हे आपल्याकडे भाजीवालीही सांगेल. तिथे मात्र वकील गड्डीच्या व्यासाचे मिलिमीटर मोजत कोर्टात भांडले.

हा हिशेब एकदाच होऊन संपत नाही. दर नोव्हेंबरात फेरआढावा मागता येतो. आयातदार आधी अनामत भरतो, खरं बिल आढाव्यानंतर येतं. तोवर तो लसूण कुणाच्या तरी पोटात जाऊन पचलेलाही असतो. शिवाय दर पाच वर्षांनी ‘सनसेट रिव्ह्यू’ होतो. शुल्क उठवलं तर डंपिंग पुन्हा होईल का, हे अमेरिकेचं वाणिज्य खातं बघतं. देशी उत्पादकांना पुन्हा झळ बसेल का, हे अमेरिकेचाच आंतरराष्ट्रीय व्यापार आयोग. दोघंही ‘हो’ म्हणाले तरच शुल्क टिकतं. नाव सूर्यास्ताचं, पण लसणाच्या शुल्कानं तीन दशकं हा सूर्य मावळू दिलेला नाही.

मधल्या काळात टक्केवारीही गेली. कागदावर किंमत कमी दाखवली की टक्क्यांचं शुल्कही घटतं. वजनाला तशी पळवाट नाही. म्हणून ज्या निर्यातदारांचा वेगळा दर ठरलेला नाही, त्यांच्यासाठी किलोमागे 4.71 डॉलर असा दर आला.

आणि ‘ताजा’ लसूण कशाला म्हणायचं? पाकळ्या सुट्या केल्या, सोलल्या, गोठवल्या, अगदी पाण्यात बुडवून पॅक केल्या, तरी शुल्काच्या आदेशाच्या लेखी तो ताजाच. त्यात दुसरा जिन्नस मिसळला किंवा त्याला आच दाखवली, की तो या आदेशातून सुटला. थोडक्यात, फोडणीत पडेपर्यंतच शुल्क.