एक्स-रेचे बटण कोणाच्या हाती?

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये एकच प्रश्न विचारला जातो, डॉक्टर की इंजिनिअर? ही दोन्ही दारे उघडली नाहीत की घरच्यांचा धीर सुटतो आणि मुलगा ‘शंभर टक्के नोकरी’चा फलक लावलेल्या एखाद्या इन्स्टिट्यूटच्या पायऱ्या चढतो. एक वर्षाचा एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स, रोख फी आणि शेवटी एक रंगीत प्रमाणपत्र! वकिलीच्या निमित्ताने अशी प्रमाणपत्रे घेऊन आलेले तरुण आम्ही पाहतो. फी परत मिळेल का, एवढेच त्यांना विचारायचे असते. पण गेलेले वर्ष कोणतेही न्यायालय परत देऊ शकत नाही.

हे क्षेत्र दुय्यम आहे, हा समज आधी मनातून काढला पाहिजे. १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावणारे रॉन्टजेन भौतिकशास्त्रज्ञ होते. सिटी स्कॅनसाठी १९७९ चे नोबेल मिळविणारे हाउन्सफिल्ड इंजिनिअर, तर कॉरमॅक भौतिकशास्त्रज्ञ. एमआरआयसाठी २००३ साली ज्यांचा गौरव झाला ते लॉटरबर रसायनशास्त्रज्ञ आणि मॅन्सफिल्ड भौतिकशास्त्रज्ञ. यांपैकी एकही डॉक्टर नव्हता. तेव्हा या विषयाचा पाया विज्ञान आहे, बटण दाबणे नव्हे. रुग्णाला कसे झोपवायचे, जाड्या माणसाला आणि लहान मुलाला किती किरणे द्यायची, कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन बाधले तर पहिल्या मिनिटात काय करायचे, हे सारे शिकावे लागते. एमआरआयच्या खोलीत लोखंडी ऑक्सिजन सिलिंडर नेला तर तो चुंबकाकडे तोफगोळ्यासारखा झेपावतो. एवढी जोखमीची विद्या गल्लीतल्या दोन खोल्यांत कशी मिळणार?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २०२१ साली संसदेने सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत रेडिओलॉजी व इमेजिंग तंत्रज्ञांचा समावेश आहे. कायद्यातील व्याख्येप्रमाणे सहयोगी आरोग्य व्यावसायिकाची पदविका किंवा पदवी किमान २,००० तासांची आणि दोन ते चार वर्षांची असली पाहिजे. म्हणजे एक वर्षाचे प्रमाणपत्र या व्याख्येत बसतच नाही. अंमलबजावणी मात्र रखडली. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र व राज्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. उद्या नोंदणीशिवाय काम नाही अशी वेळ आली की पहिली गदा कोणावर येईल? ज्याच्या हातात कच्चे प्रमाणपत्र आहे त्याच्यावरच.

दुसरी गोष्ट शरीराची. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या मर्यादेनुसार किरणांमध्ये काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस मिळता कामा नये. तो मोजण्यासाठी छातीवर, लेड ॲप्रनच्या आत टीएलडी बॅज लावायचा असतो. मालक बॅज देत नसेल तर तो तुमच्या देहाचा हिशेबच ठेवत नाही, असे समजा. मुलींच्या पालकांना या कामाची भीती वाटते, पण भीतीला उत्तर ज्ञानाने द्यावे. किरणांच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट केले की डोस चौथाईवर येतो. एमआरआय आणि सोनोग्राफीत क्ष-किरण नसतातच. गरोदर कर्मचारी स्त्रीने तशी सूचना दिल्यावर गर्भासाठी १ मिलिसिव्हर्टची वेगळी मर्यादा लागू होते.

सोनोग्राफीबाबत मात्र सावध राहावे. गर्भवतीची सोनोग्राफी १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार पात्र व नोंदणीकृत डॉक्टरनेच करायची आहे. या कायद्याचा भंग झाल्यास केंद्रात तांत्रिक सेवा देणाऱ्यालाही पहिल्या गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘साहेबांनी सांगितले म्हणून केले’ हा बचाव नव्हे.

आता हक्काचा मुद्दा. २००५ च्या ९३व्या घटनादुरुस्तीने विनाअनुदानित खासगी शिक्षणसंस्थांतही आरक्षणाचा कायदा करण्याचा मार्ग मोकळा केला आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. पण मान्यताच नसलेल्या इन्स्टिट्यूटमध्ये ना आरक्षण, ना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती! आपला बाप कर्ज काढून फी भरतो आणि हक्काचे दार मात्र बंदच राहते. नोकरीतही तेच. सरकारी रुग्णालयातील सिटी स्कॅन किंवा एमआरआयचे यंत्र खासगी कंपनी चालवू लागली की तंत्रज्ञ कंपनीचा होतो आणि बिंदुनामावलीतून ते पद गायब होते. यंत्र आले म्हणून आपण टाळ्या वाजवतो, पद गेले याची साधी नोंदही घेत नाही. ती घेणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

पदवीवर थांबण्याचेही कारण नाही. इमेजिंगमध्ये एम. एस्सी. करून अध्यापनाकडे वळता येते. भौतिकशास्त्रात एम. एस्सी. झालेल्यांसाठी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६२ पासून रेडिओलॉजिकल फिजिक्सचा पदविका अभ्यासक्रम आहे. त्यातून वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ घडतात. आपली किती मुले त्या प्रवेश परीक्षेला बसतात?

तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी चार प्रश्न लेखी विचारा. पदवी कोणत्या विद्यापीठाची? अभ्यासक्रम किती तासांचा? प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात शिकविणार? शिकताना डोस मोजण्याची सोय आहे काय? जी संस्था लेखी उत्तर देत नाही तिला एक रुपयाही देऊ नका. येत्या प्रवेशाच्या हंगामापूर्वी हे चार प्रश्न प्रत्येक वस्तीतील वाचनालयाच्या आणि विहाराच्या फलकावर लागले पाहिजेत. एवढे काम तर आपण निश्चितच करू शकतो.