विकास आराखडा आणि आपली जबाबदारी

वाडीत इमारत उभी राहण्यापूर्वी ती कागदावर उभी राहते. हा कागद म्हणजे विकास आराखडा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार नियोजन प्राधिकरण आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करते, ठरावीक मुदतीत नागरिकांच्या हरकती मागवते, सुनावणी घेते आणि मंजुरीसाठी राज्य शासनाकडे पाठवते. अंतिम अधिकार शासनाचा. मंजुरीनंतरही कलम ३७ खाली आराखड्यात फेरबदल करता येतो.

हरित पट्ट्यातील जमीन निवासी पट्ट्यात गेली अथवा चटईक्षेत्र निर्देशांक वाढला, की तिचे मोल एका सहीने कित्येक पटींनी वाढते. म्हणूनच बिल्डरांना आमदार व मंत्री जवळचे वाटतात, तर निवडणूक खर्चिक झाल्याने राजकारण्यांना बिल्डर. २०१८ पासून निवडणूक रोख्यांमुळे देणगीदारांची नावे जनतेपासून दडलेली राहिली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली.

वसईकरांना हा विषय नवा नाही. हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो अग्रभागी होते. २०१६ साली मुंबई महानगर प्रदेशाच्या प्रादेशिक योजनेचा मसुदा आला, तेव्हा येथून हजारो हरकती नोंदल्या गेल्या. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले. पाणी सामावून घेणाऱ्या शेतजमिनी, बावखले व मिठागरे यांचे महत्त्व तेव्हा सर्वांनाच कळले.

पवित्र शास्त्रातील नाबोथाची कथा (१ राजे २१) येथे मार्गदर्शक ठरते. अहाब राजाला त्याचा द्राक्षमळा हवा होता, परंतु नाबोथाने वाडवडिलांचे वतन विकण्यास नकार दिला. ईजबेलने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजमुद्रा उमटवली आणि खोटे साक्षीदार उभे केले. नाबोथाचा बळी गेला. अन्यायाला कायद्याचे रूप दिले, म्हणून तो न्याय ठरत नाही, हे एलिया संदेष्ट्याने राजाला तोंडावर सुनावले.

‘लाउदातो सी’ या २०१५ च्या विश्वपत्रात दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी असे निर्णय पारदर्शक असावेत, आर्थिक व राजकीय दबावापासून मुक्त असावेत आणि त्यांत स्थानिक लोकांना मानाचे स्थान असावे, असा आग्रह धरला आहे.

बंधुभगिनींनो, मसुदा प्रसिद्ध होताच नकाशात आपला सर्व्हे नंबर पाहा. लेखी हरकत मुदतीत नोंदवा, तिची पोच घ्या व सुनावणीला हजर राहा. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रातील जमिनी व मालमत्ता मतदानापूर्वी वाचा. धर्मग्रामातील जाणकारांनी इतरांना हरकत लिहिण्यास साहाय्य करावे. मुदत टळल्यावर काढलेल्या मोर्चापेक्षा वेळेत दिलेला एक अर्ज अधिक मोलाचा ठरतो.