कुंपण ओलांडणारा घोडा



आदिवासी कल्याणाच्या या पत्रिकेत घोड्यावर लेख कशासाठी, असा प्रश्न काहींना पडेल. उत्तर चार गुंठ्यांचे आहे. एक एकर भाताची लावणी करायची तर साधारण चार गुंठ्यांत रोपे तयार करावी लागतात. जूनमध्ये पेरलेली ही रोपे तीन आठवड्यांनी लावणीला येतात. मुरबाड-शहापूरकडच्या ठाकूर किंवा कातकरी कुटुंबाकडे जमीन असली तरी ती बहुधा थोडीच असते. त्यांच्या त्या चार गुंठ्यांत रात्री एखादा घोडा शिरला, चरला आणि तुडवून गेला, तर त्या वर्षाचा एकरभर भात धोक्यात येतो. पुन्हा पेरावे तर तीन आठवडे हातचे जातात, आणि पाऊस कोणासाठी थांबत नाही.

आता घोड्याच्या मालकाकडे पाहू. ठाणे, कल्याण, डोंबिवली या शहरांत वरातीच्या घोड्या पाळणारी कुटुंबे आहेत. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की लग्ने थांबतात आणि घोडीला काम उरत नाही. शहरात चारा विकत घ्यावा लागतो. मग कोणी गावाकडे ओळखीच्या माणसाच्या माळावर घोडी आणून सोडतो. माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे तिथे घोड्यावर अनेकांचे पोट आहे. हिवाळ्यात धनगर बांधव मेंढरांबरोबर तट्टे घेऊन घाट उतरतात. म्हणजे घोड्याचा मालकही बहुधा हातावर पोट असलेलाच. एका रात्रीत दोन गरीब घरांत वैर उभे राहते, आणि ते पुढे पाड्यापाड्यांत पसरते. म्हणून हा विषय आपला आहे.

ओढाळ का होतो?

आपल्या भाषेत अशा जनावराला 'ओढाळ' म्हणतात. ज्याला बाहेरची ओढ लागली तो ओढाळ. शब्दातच निदान आहे. घोडा कुंपणावरून उडी मारतो तेव्हा त्याला पलीकडचे काहीतरी हवे असते, किंवा अलीकडचे काहीतरी नको असते. ते काय आहे हे शोधल्यावाचून नुसते बांबू वर चढवत राहणे व्यर्थ आहे. कारणे बहुधा पाच असतात.

पहिले कारण भूक. घोड्याचे पोट त्याच्या अंगाच्या मानाने लहान असते. त्यामुळे तो थोडे थोडे, पण दिवसातले बारा तास आणि त्याहूनही अधिक वेळ चरत असतो. तीनशे किलो वजनाच्या तट्टाला रोज साडेचार ते सहा किलो सुकी वैरण लागते. ओल्या गवतात बहुतांश पाणीच असते, त्यामुळे ते कितीतरी पट अधिक द्यावे लागते. माळ हिरवा दिसतो म्हणून पोट भरतेच असे नाही. संध्याकाळी रिकाम्या पोटी बांधलेला घोडा मध्यरात्री शेजारच्या रोपांकडे पाहणारच.

दुसरे कारण एकटेपण. घोडा कळपात राहणारा प्राणी आहे. सारंगखेड्याच्या बाजारातून नवा आणलेला घोडा एकटाच माळावर ठेवला, तर पहिल्या काही दिवसांत तो हमखास सोबत शोधतो. दुसरा घोडा नसेल तर शेळीचीही सोबत त्याला चालते.

तिसरे कारण माजाचे आणि मायेचे. माजावर आलेल्या घोडीकडे घोडा धावतो. घोडी साधारण तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर येते, म्हणून ठरावीक दिवसांनीच उडी मारणाऱ्या जनावराच्या तारखा लिहून ठेवाव्यात. पैदाशीसाठी नको असलेला घोडा पशुवैद्यांकडून खच्ची करून घेणे सर्वांच्या सोयीचे असते. शिंगरू तोडलेली घोडीही त्याच्यासाठी कुंपण पार करते.

चौथे कारण भीती. फटाके, वीज, कुत्र्यांची टोळी, आणि आपल्याकडच्या रानात बिबट्या. भ्यालेला घोडा कुंपणाची उंची मोजत नाही. अशा वेळी जागाच बदलावी, किंवा रात्री त्याला गोठ्यात घ्यावे.

पाचवे कारण सवय. एकदा उडी साधली आणि पलीकडे कोवळे पीक मिळाले की जनावर चटावते. म्हणून पहिल्या उडीनंतर त्याच दिवशी उपाय करायचा. चौथ्या उडीपर्यंत थांबले तर कारण दूर झाल्यावरही सवय उरते.

आमच्या परिसरात एका पाड्याजवळ एक घोडी महिन्यात चार वेळा बाहेर पडली होती. मालक दर वेळी एक बांबू वर चढवी. समोरच्या टेकाडावर दुसरी दोन घोडी चरत असत आणि ही त्यांच्याकडे पाहून खिंकाळे. शेवटी पाड्यातल्या एका आजीबाईंनी सुचवले, "तिला त्यांच्याकडंच नेऊन ठेवा की!" तसे केले. शिवाय रात्रीची वैरण वाढवली. कुंपण होते तेवढेच राहिले आणि घोडीही आत राहिली.

जुनी आज्ञा

भुकेल्या घोड्याचा भार शेवटी शेतकऱ्यावर पडतो, हे महाराष्ट्राने फार पूर्वी ओळखले होते. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ छावणीला असलेल्या आपल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरणीचा साठा पावसाळाभर पुरेल अशा बेताने वापरा, असे त्यांनी बजावले. आधीच उधळून टाकाल तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील, आणि मग लोक गावोगाव जाऊन कुणब्यांचे दाणे, गवत, भाजी उचलू लागतील, हा त्या पत्राचा आशय. कुणब्याला शत्रूपेक्षा आपलेच सैन्य जाचक वाटू नये ही त्यामागची चिंता होती. शेताचे रक्षण वैरणीच्या हिशोबापासून सुरू होते, हे साडेतीनशे वर्षांपूर्वीचे शहाणपण आजही खरे आहे.

कुंपण कसे असावे?

कारण दूर केल्यावर कुंपणाकडे वळावे. केवळ उंचीवर विसंबू नये. ५ फेब्रुवारी १९४९ रोजी चिली देशात हुआसो नावाच्या घोड्याने २.४७ मीटर, म्हणजे आठ फुटांहून उंच अडसर ओलांडला. तो उच्चांक अजून मोडलेला नाही. आपले तट्टू काही हुआसो नव्हे, पण साडेतीन-चार फुटांची वई त्याला अवघड नाही. साडेचार ते पाच फूट उंचीचे, तीन आडव्या बांबूंचे आणि दोन फूट जमिनीत गाडलेल्या खांबांचे कुंपण साधारण जनावराला पुरते.

कुंपण घोड्याला दिसले पाहिजे. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूला असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, मात्र अगदी नाकासमोरचे दिसत नाही. एकेरी तार त्याच्या लक्षातच येत नाही. जुन्या साडीच्या पांढऱ्या, पिवळ्या किंवा निळ्या पट्ट्या वरच्या बांबूला बांधाव्यात. लाल रंग घोड्याला नीट ओळखू येत नाही. कुंपणाच्या आतल्या बाजूला लगत बांध किंवा उंचवटा असेल तर तिथून उडी सोपी जाते, म्हणून त्या जागी कुंपण अधिक उंच करावे.

जिवंत कुंपण करायचे तर निर्गुडी, करवंद, बांबू ही झाडे चांगली. कण्हेर मात्र कधीही लावू नये. तिची थोडी पानेही घोड्याचा जीव घेऊ शकतात. मोगली एरंड आणि घाणेरीही विषारी आहेत. शेळ्यांना चालणारे गिरिपुष्प घोड्याला बाधते.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे रात्रीचा गोठा. बहुतेक उड्या अंधारात आणि एकटेपणात होतात. दिवसा माळावर आणि रात्री वैरणीसह आत, एवढ्याने पुष्कळ घोडे सुधारतात.

हे करू नये

काटेरी तार लावू नये. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो आणि झाल्यावर वाचणे कठीण असते. तारेने कापले असेल तर जखम लहान दिसली तरी त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवून धनुर्वाताचे इंजेक्शन द्यावे. १९६२ या क्रमांकावर फोन केल्यास फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते.

घरातल्या विजेची तार कुंपणाला जोडू नये. अशा तारेने घोडा मरेल, आणि पहाटे मोहाची फुले वेचायला निघालेले मूलही मरेल. बाजारात सौर झटका यंत्र मिळते. ते क्षणभराचा, जीव न घेणारा झटका देते. कुंपणात वीज वापरायचीच असेल तर तेच वापरावे आणि पाटी लावावी.

पायबंद, अगाडी-पिछाडी, गळ्यात लोढणे हे जुने उपाय आहेत. थोडा वेळ आणि माणूस जवळ असताना पायबंद चालतो. पण पायबंदासह उडी मारणारी घोडीही असतात, आणि त्यात पाय मोडतो. लांब दोराने खुंटीला बांधलेला घोडा दोरात गुरफटतो. जनावराला फार आखूड किंवा जड साखळीने प्रमाणाबाहेर वेळ जखडून ठेवणे १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली गुन्हाही आहे.

पीक खाल्ले, आता पुढे?

शेतकऱ्याने प्रथम घोडा शांतपणे पकडून बांधावा आणि पाणी द्यावे. दोन शेजाऱ्यांना बोलावून नुकसान दाखवावे, फोनवर छायाचित्रे काढावीत, आणि मालक ठाऊक असेल तर त्याला निरोप धाडावा. मालक सापडत नसेल किंवा ऐकत नसेल तर कोंडवाडा आहे. इंग्रजी अमलात १८७१ साली झालेल्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यात 'गुरे' या शब्दात घोडा, घोडी, तट्टू, खेचर आणि गाढवही धरले होते, आणि पकडलेले जनावर चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोहोचवायला सांगितले होते. आज गावात कोंडवाड्याचे काम ग्रामपंचायत पाहते, शहरात महापालिका. मालकाला दंड आणि खुराकी भरून जनावर सोडवावे लागते.

रागाने कुऱ्हाड किंवा दगड हाती घेऊ नये. जनावराला ठार मारणे किंवा जायबंदी करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. ज्याचे पीक गेले तोच मग आरोपी होतो, आणि आदिवासी माणसाला कोर्टाची एक फेरीसुद्धा दिवसाच्या मजुरीला पडते.

दंड पंचायतीकडे जातो, त्याने रोपे परत येत नाहीत. म्हणून मालकाची जबाबदारी कोंडवाड्यापाशी संपत नाही. निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात मोशेच्या नियमशास्त्राने हाच प्रसंग घेतला आहे. आपले जनावर दुसऱ्याच्या शेतात चरले, तर भरपाई आपल्या शेतातल्या उत्तमातून करायची. उरलेसुरले देऊन भागत नाही. आपल्याकडे याचा साधा अर्थ असा, की शेजाऱ्याची रोपे गेली तर त्याच आठवड्यात कुठून तरी रोपे मिळवून द्यावीत आणि लावणीला स्वतः हात लावावा. पैसे पुढे दिवाळीला दिले तर लावणीची वेळ परत येत नाही. पाड्याच्या बैठकीत हे आधीच ठरवून ठेवले तर भांडणाची वेळच येत नाही: घोडा कुणाचा, रात्री कुठे असणार, नुकसान झाल्यास कुणी किती रोपे द्यायची.

मोकाट घोडा दिसला तर

निर्गमच्या पुढच्याच अध्यायात आणखी एक सूचना आहे. वैऱ्याचाही बैल किंवा गाढव भटकताना दिसले, तर ते त्याच्याकडे परत नेऊन पोहोचवावे. शहरात राहणाऱ्या आपल्या वाचकांनाही हे कधीतरी करावे लागेल, कारण कल्याण-शीळ रस्त्यावर किंवा टिटवाळ्याच्या वाटेवर रात्री सुटलेला घोडा वाहनाखाली आला तर त्याच्याबरोबर माणसेही जातात.

अशा वेळी घोड्यामागे धावू नये, ओरडू नये. धावणाऱ्यापुढे तो आणखी धावतो. मागून जाऊ नये, तिथे लाथ बसते. एका माणसाने येणाऱ्या गाड्या सावकाश करायला लावाव्यात. दुसऱ्याने बादलीत थोडे चणे किंवा खडे घालून ती खुळखुळवावी आणि घोड्याच्या खांद्याच्या बाजूने, तिरपे, हळू बोलत जावे. म्होरकी नसेल तर ओढणी किंवा दोर मानेभोवती सैल घालावा आणि त्याला रस्त्यापासून दूर, गवत असेल तिथे उभे करावे. दहा मिनिटांत तो शांत होतो. मग मालकाचा शोध घ्यावा, आणि तो भेटला की आधी एवढेच विचारावे, की घोडा रात्री एकटा असतो का, आणि त्याला शेवटची वैरण किती वाजता पडते.