स्वमग्नांचा थकवा आणि नैराश्यावरचा सल्ला

नैराश्यावरच्या उपचारांत एक सल्ला हमखास मिळतो: घराबाहेर पडा, चार माणसांत मिसळा. पुष्कळांना त्याचा गुणही येतो. पण एखादी स्वमग्न (ऑटिस्टिक) व्यक्ती चार माणसांत मिसळूनच गळून गेली असेल तर?

या अवस्थेला स्वमग्न प्रौढ आपापसात कित्येक वर्षं ‘बर्नआउट’ म्हणत आले होते. संशोधनात तिची दखल जेमतेमच होती. अमेरिकेतील पोर्टलंडच्या डोरा रेमेकर या स्वतः स्वमग्न संशोधक. २००६ मध्ये डॉ. क्रिस्टिना निकोलायडिस यांच्यासोबत त्यांनी ‘अ‍ॅस्पायर’ हा गट उभा केला. त्यात काय शोधायचं इथपासून निष्कर्षांपर्यंत स्वमग्न माणसं शास्त्रज्ञांच्या बरोबरीने बसतात. २०२० मध्ये या गटाने मुलाखती आणि स्वमग्नांनी जाहीरपणे लिहिलेले अनुभव एकत्र तपासले. त्यातून बर्नआउटची लक्षणं स्पष्ट झाली: बहुधा तीन महिन्यांहून जास्त टिकणारा थकवा, एरवी जमणाऱ्या गोष्टी जमेनाशा होणं, आवाज आणि उजेड आणखी असह्य होणं.

मोठं कारण निघालं ‘मास्किंग’, म्हणजे आपलं स्वमग्नपण झाकत वावरणं. समोरच्याच्या डोळ्यांत बघत राहायचं, बोटांची चाळवाचाळव दाबून ठेवायची, कुठे हसायचं याचा अंदाज बांधत राहायचं आणि हे सगळं ऑफिसच्या कामाच्या जोडीला, रोज. दिलासा कशाने मिळाला? अपेक्षांचं ओझं कमी झाल्याने, रजेने, आहोत तसं वावरू देणाऱ्या माणसांमुळे. म्हणजे नेहमीच्या सल्ल्याच्या जवळपास उलट!

सल्ल्याप्रमाणेच नैराश्य तपासणाऱ्या प्रश्नावल्याही स्वमग्नांना नीट लागू पडत नाहीत. ‘गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा अस्वस्थ वाटलं? काही दिवस, की निम्म्याहून जास्त?’ काही म्हणजे नेमके किती? आणि जन्मभराची चुळबुळ त्यात धरायची का? अशा प्रश्नांपाशी स्वमग्न माणूस अडतो, चिडतो, कधी फॉर्म अर्धाच सोडतो. ‘अ‍ॅस्पायर’ने आपल्या प्रश्नावल्यांत सूचना सुस्पष्ट केल्या, संदिग्ध शब्द बदलले, अवघड शब्दांचे अर्थ तिथेच दिले. कुठे अडतं, हे अडणाऱ्यांनीच दाखवलं होतं. सगळं ठरल्यावर शेवटी त्यांची संमती घेणं याला मी सहभाग म्हणणार नाही.

बर्नआउट आणि नैराश्य एकाच वेळीही असू शकतात. त्यामुळे नैराश्याची औषधं परस्पर बंद करू नयेत. डॉक्टरांना मात्र एवढं जरूर सांगावं, की लोकांत मिसळल्यावर बरं वाटतं की आणखी गळून जायला होतं.