लाखाचा फोन घ्यावा का? गैरसमज आणि वस्तुस्थिती

सोयाबीनचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. सॅमसंगचा गॅलेक्सी एस२५ अल्ट्रा जानेवारी २०२५ मध्ये भारतात आला तेव्हा त्याची सुरुवातीची किंमत १,२९,९९९ रुपये होती. बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली किंवा मेहकरच्या बाजारात पूर्ण हमीभाव मिळाला असे धरले, तरी या एका फोनसाठी जवळपास साडेचोवीस क्विंटल सोयाबीन विकावे लागेल. एकरी सहा क्विंटल उतारा धरला तर हे चार एकरांचे पीक झाले, आणि त्यातून बियाणे, खत, फवारणी, सोंगणी, मळणी यांचा खर्च अजून वजा केलेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या आयफोन १७ ची किंमत ८२,९०० रुपयांपासून, तर १७ प्रो मॅक्सची १,४९,९०० रुपयांपासून सुरू झाली. तरीही बुलढाणा, खामगाव, मलकापूरच्या दुकानांत या फोनना गिऱ्हाईक आहे, आणि त्यात गैर काहीच नाही. ज्याने त्याने आपल्या कमाईचे काय करावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. मात्र एवढी रक्कम ज्या समजुतींवर खर्च होते, त्यांतल्या बऱ्याच चुकीच्या आहेत. महाग फोन बहुधा चांगलाच असतो, त्याबद्दल वाद नाही. पाहायचे ते इतकेच की जास्तीचे पैसे ज्या गुणांसाठी मोजले ते आपल्या कामी येतात का, आणि तो फोन वर्षाला कितीला पडतो.

गैरसमज १ : महाग फोनवर नेटवर्क आणि रोजची कामे जास्त वेगाने चालतात

भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच दहा हजारांच्या आसपासचे फोनही ५जी झाले. इंटरनेटचा वेग मुख्यतः टॉवर किती लांब आहे, त्यावर त्या वेळी किती लोक आहेत आणि मधे डोंगर किंवा भिंती किती आहेत यावर ठरतो. लोणार किंवा संग्रामपूर तालुक्यातल्या एखाद्या गावात टॉवरच कमजोर असेल, तर लाखाचा फोनही तिथे अडखळणारच. चांगल्या अँटेना आणि मोडेममुळे काठावरच्या सिग्नलमध्ये थोडा फरक पडतो, पण जिथे सिग्नलच नाही तिथे तो निर्माण होत नाही. फोन आपल्या कंपनीच्या ५जी बँडवर चालतो का, हे पाहणे त्याच्या किमतीपेक्षा महत्त्वाचे. जिओची ५जी सेवा ‘स्टँडअलोन’ पद्धतीची आहे आणि तिचा ७०० मेगाहर्ट्झचा एन२८ बँड दूरवर पोहोचतो. म्हणून जिओचे सिम असेल तर फोनच्या माहितीपत्रकात या दोन्ही गोष्टी आहेत का, ते आधी तपासावे.

रोजच्या कामांचेही तसेच आहे. यूपीआयने पैसे पाठवणे, गटात उभे राहून ई-पीक पाहणीचा फोटो काढणे, बाजारभाव पाहणे, मुलांचे ऑनलाइन तास, व्हॉट्सअॅप आणि व्हिडिओ कॉल यांतले एकही काम सर्वांत वरच्या प्रोसेसरची मागणी करत नाही. यूपीआय तर मार्च २०२२ पासून ‘१२३पे’ सेवेमुळे साध्या बटणाच्या फोनवरही चालते. तगड्या प्रोसेसरचा उपयोग जड गेम, मोठे व्हिडिओ एडिटिंग आणि पुढच्या अनेक वर्षांच्या अपडेटचा भार पेलण्यासाठी होतो. यांपैकी काही करायचे असेल तर त्याचे पैसे जरूर मोजावेत.

गैरसमज २ : मेगापिक्सेल जितके जास्त, तितका कॅमेरा चांगला

दुकानातल्या जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला हा आकडा निर्णयासाठी सर्वांत कमी उपयोगाचा आहे. २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा नेहमीच्या वापरात सोळा बिंदूंचा एक बिंदू करतो आणि साधारण १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. बिंदू एकत्र केल्यामुळे कमी उजेडात फोटो स्वच्छ येतो. हा फायदा खरा आहे, पण तो मुळात सेन्सरच्या आकाराचा आहे. मोठा सेन्सर जास्त उजेड पकडतो, आणि हाताची थरथर सावरणारी यंत्रणा असेल तर संध्याकाळचा फोटोही पुसट होत नाही. उलट स्वस्त फोनमधले दोन मेगापिक्सेलचे ‘मॅक्रो’ आणि ‘डेप्थ’ कॅमेरे बहुतेक वेळा केवळ कॅमेऱ्यांची संख्या वाढवण्यासाठी असतात. महाग फोनमध्ये पैशांचे खरे चीज होते ते लांबचे जवळ आणणाऱ्या टेलिफोटो भिंगात, व्हिडिओच्या स्थिरतेत आणि अंधारातल्या फोटोंत.

आता हे फोटो जातात कुठे ते पाहू. बहुतेक घरांत ते व्हॉट्सअॅपवर जातात, आणि व्हॉट्सअॅप पाठवताना फोटो आकसवते. २०२३ पासून एचडीचा पर्याय मिळाला, तरी तो निवडायला विसरणारेच जास्त. समोरच्याच्या सहा-सात इंची पडद्यावर उन्हातल्या फोटोंत २५ हजारांच्या आणि सव्वा लाखाच्या फोनमधला फरक ओळखणे अवघड जाते. लग्नाच्या मांडवात रात्री काढलेल्या व्हिडिओत मात्र तो लगेच दिसतो. म्हणून कॅमेऱ्यासाठी फोन घेणाऱ्याने दुकानात उजेडातला नव्हे, तर कमी उजेडातला आणि हलत्या माणसाचा फोटो काढून पाहावा.

गैरसमज ३ : महाग फोन जास्त वर्षे टिकतो, म्हणून शेवटी स्वस्तच पडतो

महाग फोनच्या बाजूने केला जाणारा हा सर्वांत वजनदार युक्तिवाद आहे आणि त्यात तथ्यही आहे. गुगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ मालिकेसाठी सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले. अॅपलचा २०१९ चा आयफोन ११ हा २०२५ च्या आयओएस २६ वरही चालतो. सुरक्षा अपडेट बंद झालेल्या फोनवर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे, त्यामुळे ही वर्षे मोलाचीच आहेत. पण ही मक्तेदारी आता महागड्या फोनची राहिलेली नाही. सॅमसंगने २०२४ मध्ये वीस हजारांच्या आतल्या गॅलेक्सी ए१६ ५जी साठीही सहा वर्षांच्या अपडेटचे आश्वासन दिले.

दुसरे असे की अपडेट मिळत राहिले तरी फोन झिजतोच, आणि आधी झिजते ती बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता सोसत नाही. ० ते ३५ अंश तापमानात फोन वापरावा असे अॅपल स्वतःच सांगते. घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद या भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. तिथे मोटारसायकलवर किंवा ट्रॅक्टरवर उन्हात लावलेला फोन तापतो, पडदा मंद करतो, चार्जिंग थांबवतो, आणि या नियमातून महाग फोनची सुटका नाही. आयपी६८ या मानांकनाचेही असेच. ते प्रयोगशाळेतल्या स्वच्छ, स्थिर पाण्यातल्या चाचणीचे असते. पडझडीने आणि वयाने रबरी सील सैल होतात, आणि पाण्याने झालेले नुकसान बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत.

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियम आहे की ८०० चार्जिंगनंतर बॅटरीत किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे आणि महत्त्वाचे सुटे भाग सात वर्षे मिळाले पाहिजेत. भारतात अशी सक्ती नाही. फोन दुरुस्तीला किती सोपा हे सांगणाऱ्या निर्देशांकाचा अहवाल मे २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाला सादर झाला आहे. तो निर्देशांक लागू होईपर्यंत ग्राहकानेच दोन गोष्टी आधी पाहून ठेवाव्यात : अधिकृत सर्व्हिस सेंटर जिल्ह्यात आहे की अकोला, जळगाव किंवा छत्रपती संभाजीनगरला जावे लागेल, आणि नवा डिस्प्ले व बॅटरी केवढ्याला पडते. महाग फोनचा वळणदार डिस्प्ले फुटला तर त्या खर्चात एक साधा नवा फोन येऊ शकतो.

हिशेब मांडून पाहू. आकडे गृहीत धरलेले आहेत, आपापले घालून पाहावेत. १,२९,९९९ रुपयांचा फोन सात वर्षे वापरला आणि त्यात बॅटरी व एका मोठ्या दुरुस्तीचे १५ हजार धरले, तर वर्षाला सुमारे २०,७०० रुपये पडतात. तोच फोन दोन वर्षांनी निम्म्या किमतीला विकला तर वर्षाला ३२,५०० रुपये. २५ हजारांचा फोन चार वर्षे वापरून त्यात बॅटरीचे तीन हजार धरले तर वर्षाला ७,००० रुपये. जुन्या फोनला चांगला भाव येतो हे खरे, पण टक्क्यांत चांगला भाव येऊनही रुपयांतला तोटा महाग फोनचाच मोठा असतो. आयफोन १६ ची अधिकृत किंमत वर्षभरात ७९,९०० वरून ६९,९०० झाली, म्हणजे पहिल्या दिवशी घेणाऱ्याचे दहा हजार फोन हातात असतानाच उतरले. टिकाऊपणाचा युक्तिवाद टिकवून वापरणाऱ्यालाच लागू पडतो, आणि त्यालाही साध्या फोनपेक्षा वर्षाला पावणेचौदा हजारांच्या आसपास जास्त मोजावे लागतात.

गैरसमज ४ : एआय हवे असेल तर नवा, महागच फोन लागतो

गेल्या दोन वर्षांत फोनच्या जाहिराती एआयभोवती फिरत आहेत. मराठी माणसाने इथे एक साधा प्रश्न विचारावा : हे मराठीत चालते का? अॅपल इंटेलिजन्सच्या २०२५ अखेरच्या भाषांच्या यादीत डॅनिश, तुर्की, व्हिएतनामी आहेत, मराठी नाही. याउलट गुगलच्या जेमिनीशी मराठीत बोलण्याची सोय २०२४ पासून आहे आणि ती साध्या अँड्रॉइड फोनवरही चालते, कारण खरे काम दूरच्या सर्व्हरवर होते. आयफोनमधली उपग्रहावरून मदत मागण्याची सोयही २०२५ अखेरपर्यंत भारतात सुरू नव्हती. जी सोय आपल्या देशात किंवा आपल्या भाषेत मिळत नाही, तिची किंमत आपण का द्यावी?

गैरसमज ५ : ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणजे बिनव्याजी उधारी

शून्य टक्के व्याज ही कल्पनाच खरी नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले. व्याज असतेच, ते फक्त सवलतीच्या रूपाने आधी वळते केलेले असते. कधी ती सवलत रोखीने घेणाऱ्याला मिळाली असती, कधी प्रोसेसिंग फी वेगळी लागते. क्रेडिट कार्डावरच्या हप्त्यांत व्याजावर १८ टक्के जीएसटीही लागतो. सव्वा लाखाच्या फोनवर वर्षभराचे व्याज दहा हजार धरले तर हा करच अठराशे रुपये होतो. म्हणून दुकानदाराला एकच विचारावे : आत्ता पूर्ण पैसे दिले तर किती, आणि सगळे हप्ते, फी, कर मिळून किती? या दोन आकड्यांतला फरक हीच त्या ‘नो कॉस्ट’ची कॉस्ट. शिवाय हप्ता चुकला की दंड लागतो आणि कर्जाच्या नोंदीवर डाग पडतो, जो पुढे घरासाठी किंवा ट्रॅक्टरसाठी कर्ज मागताना आडवा येतो. ज्या घराचे उत्पन्न हंगामावर अवलंबून आहे त्याने दोन वर्षे दरमहा पाच-साडेपाच हजारांचा हप्ता बांधून घेणे, हीच यातली मोठी जोखीम आहे.

गैरसमज ६ : मग महाग फोन म्हणजे निव्वळ उधळपट्टी

हेही तितकेच चूक. वर्षाचे ते जास्तीचे पावणेचौदा हजार ज्याचा फोन भरून काढतो, त्याला तो महाग नाही. लग्नसमारंभाचे व्हिडिओ करणारा, दुकानाच्या मालाचे फोटो रोज टाकणारा, शेतीविषयक वाहिनी चालवणारा, यांच्यासाठी चांगला कॅमेरा हे कमाईचे साधन आहे. जीएसटी नोंदणी असेल तर त्या १,२९,९९९ रुपयांतला सुमारे १९,८०० रुपयांचा कर व्यवसायाच्या वापरापुरता वजावटीतही मिळू शकतो. राहिली हौस. ती वाईट नाही. पण हौस म्हणून घेतलेल्या वस्तूला गुंतवणूक म्हणू नये, आणि तिच्यासाठी कर्ज काढू नये. उलट बाजूचा ‘स्वस्त फोनवर पैसे सुरक्षित राहत नाहीत’ हा आक्षेप जुन्या, अपडेट बंद पडलेल्या फोनना लागू होतो. ओटीपी सांगितल्याने किंवा अनोळखी एपीके फाइल टाकल्याने होणारी फसवणूक लाखाच्या फोनवरही तशीच होते.

ज्याला वरच्या दर्जाचा फोन हवाच आहे, त्याने गेल्या वर्षीचे मॉडेल पाहावे. अपडेटचे एक वर्ष कमी होते, पण किंमत बरीच उतरलेली असते. जुना फोन घेत असाल तर *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक मिळवावा आणि संचार साथी पोर्टलवर तो चोरीचा किंवा बंद केलेला नाही ना हे तपासावे. बिल पक्केच घ्यावे. तक्रार उद्भवली तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.

निष्कर्ष स्पष्ट आहे. ज्याचा फोन कमावतो आणि जो तो सहा-सात वर्षे वापरणार आहे, त्याने महाग फोन रोखीने जरूर घ्यावा. बाकी बहुतेकांसाठी वीस ते तीस हजारांतला, लांब मुदतीच्या अपडेटचा आणि जवळ सर्व्हिस सेंटर असलेला फोन हाच शहाणपणाचा सौदा आहे. दुकानात शिरण्याआधी कागदावर आपला वर्षाचा आकडा लिहा, आणि विक्रेत्याचे बोलणे त्यानंतर ऐका.